मैत्री सांभाळून अभ्यास कसा करावा

परीक्षा तीन आठवड्यांवर आली की घरातून पहिली सूचना येते, ती मित्रमैत्रिणींना भेटणे बंद करण्याची. सूचना चांगल्या हेतूने दिलेली असते, पण तिच्यामागचा हिशेब चुकतो, कारण मैत्रीला दिलेला प्रत्येक तास अभ्यासातून वजा होतो असे तिने गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात गप्पांपेक्षा जास्त वेळ खातात त्या बोलून न दाखवलेल्या गोष्टी: मैत्रिणीच्या मेसेजला लगेच उत्तर दिले नाही तर ती रुसेल ही धास्ती, मधल्या सुट्टीत झालेले आणि न मिटलेले भांडण, गटप्रकल्पाचे सगळे काम आपल्याच अंगावर पडल्याची चीड. पुस्तक समोर उघडे असते, डोळे ओळींवरून फिरतात आणि मन मात्र भलतीकडे असते. म्हणून वेळापत्रक आखायला बसण्याआधी या गोष्टींचा बंदोबस्त करावा.

सुरुवात आपल्या वेळा मित्रांना सांगण्यापासून करावी. ‘मला अभ्यास आहे’ हे वाक्य ऐकणाऱ्याला टाळल्यासारखे वाटते, कारण त्यात पुन्हा कधी बोलणार याचा पत्ता नसतो. त्याऐवजी ‘साडेआठपर्यंत गणित करतो आहे, नंतर फोन करतो’ असे सांगावे आणि साडेआठला खरोखरच फोन करावा. हा दुसरा भाग अनेक जण विसरतात, आणि मग पहिल्या भागावर कोणी विश्वास ठेवत नाही. दोन-चार वेळा शब्द पाळला की मित्र आपणहून त्या वेळेत मेसेज करणे थांबवतात. त्या काळात फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. आवाज बंद करून शेजारी ठेवलेला फोन दर दहा मिनिटांनी हातात घ्यावासा वाटतोच.

एकत्र अभ्यासाविषयी पालकांच्या मनात शंका असते आणि ती पुष्कळदा रास्तही असते. चौघे जण एका टेबलाभोवती बसून आपापले पुस्तक वाचत असतील, तर त्याला एकत्र अभ्यास म्हणता येत नाही. अर्ध्या तासात कोणीतरी विषय काढतो आणि बैठक मोडते. एकत्र बसायचे ते एकमेकांना विचारण्यासाठी. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिले होते. एकटे असताना पुस्तक मिटायला मन धजत नाही. समोर प्रश्न विचारणारा बसला की ते मिटावेच लागते.

समजा, दोघे जण प्रकाशसंश्लेषणाचा धडा घेऊन बसले आहेत. एकाने पुस्तक बंद करून सांगायला सुरुवात केली, की वनस्पती दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात आणि ऑक्सिजन सोडतात. दुसऱ्याने मध्येच विचारले, ‘मग दिवसा त्या श्वसन करतच नाहीत का?’ सांगणारा अडखळतो. दोघे पुस्तक उघडतात आणि त्यांच्या लक्षात येते, की श्वसन दिवसरात्र चालूच असते, मात्र भरपूर उजेडात प्रकाशसंश्लेषणाचा वेग त्याहून जास्त असल्यामुळे बाहेर ऑक्सिजन पडताना दिसतो. धडा चार वेळा वाचूनही न दिसलेली फट एका प्रश्नाने उघडी पडली. अशा बैठकीला दोघे किंवा तिघे पुरेत, वेळ पाऊण तासाची ठरवावी आणि गप्पा त्यानंतर खुशाल माराव्यात.

गटप्रकल्पात मैत्री हमखास बिघडते, आणि दोष बहुधा वाटणीचा असतो. ‘सगळे मिळून करू’ असे ठरले की शेवटच्या रात्री एकच जण जागतो. इलियट अॅरन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे, वेगवेगळ्या वंशांची मुले नुकतीच एका वर्गात आली असताना, वापरलेली ‘जिगसॉ’ पद्धत येथे उपयोगी पडते. गटात जितकी मुले तितके धड्याचे भाग करायचे, प्रत्येकाने आपल्या भागाची तयारी करून तो इतरांना शिकवायचा, आणि परीक्षा मात्र सगळ्यांची पूर्ण धड्यावर. त्यामुळे कोणाचे काम दुसऱ्यावर ढकलता येत नाही आणि अबोल मुलाचेही सगळ्यांना लक्ष देऊन ऐकावे लागते. आपल्या प्रकल्पातही नाव, काम आणि तारीख पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्यावी.

भांडण झालेच, तर अभ्यासाला बसण्याआधी निदान एक वाक्य पोहोचवावे: ‘मला वाईट वाटले, उद्या बोलू.’ पूर्ण समेट त्याच रात्री होण्याची गरज नाही. रात्री अकरानंतर मेसेजवरून वाद मिटवण्याचा प्रयत्न तर करूच नये, कारण त्यात आवाजाचा सूर कळत नाही आणि झोपही जाते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज 8 ते 10 तासांची झोप लागते, असे निद्राविकारतज्ज्ञ सांगतात. भांडणातून किंवा जागरणातून कापलेले दोन तास दुसऱ्या दिवशी वर्गात जांभयांच्या रूपाने वसूल होतात.

शिक्षकांशी संबंध चांगले ठेवण्यासाठी पुढेपुढे करावे लागत नाही. ‘काहीच कळले नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘तिसऱ्या पायरीत हे चिन्ह का बदलले?’ असे नेमके विचारले, तर पुरते. गुणांची तुलना मात्र टाळावी. उत्तरपत्रिका हातात आल्यावर मित्राला ‘किती मिळाले?’ विचारण्यापेक्षा ‘पाचवा प्रश्न कसा सोडवलास?’ असे विचारावे.

सर्वांत अवघड प्रसंग उरतो तो गृहपाठाची वही मागणाऱ्या जिवलग मित्राचा. वही दिली तर त्याचे नुकसान, नाही दिली तर तो दुखावणार. अशा वेळी नकार आणि मदत एकाच दमात द्यावी: ‘वही देत नाही, पण मधल्या सुट्टीत बस, पहिले उदाहरण दोघे मिळून सोडवू, बाकीची तू कर.’ तो दोन दिवस फुरंगटून बसेलही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगावे, आणि सुट्टीत त्याच्यासाठी बाकावर जागा राखून ठेवावी.