घासून गुळगुळीत झालेल्या मीमवर लोकांना परत कसं हसवायचं

चावून चोथा झालेला जोक टाकला की ग्रुपवर कोणीतरी लगेच लिहितं, "अरे किती जुनं आहे हे". पण जुनं असणं हा मुळात प्रॉब्लेमच नाहीये. पुढे काय येणार ते सगळ्यांना माहीत असतं आणि नेमकं तेच येतं, तिथे सगळं फसतं. म्हणून जोक तोच ठेवा, पण तो कुठून येणार, कधी येणार, कोणावर येणार यातलं एक तरी समोरच्याला कळता कामा नये. एवढं जमलं तर ओळखीचा जोक नव्या जोकपेक्षा जास्त हसवतो असं माझं स्पष्ट मत आहे, कारण नव्या जोकची आधी पार्श्वभूमी बांधावी लागते आणि इथे ती सगळ्यांच्या डोक्यात आयती तयार असते.

रिकरोलच घ्या. २००७ पासून चालू आहे, लिंक एका गोष्टीची सांगायची आणि उघडली की गायक रिक अ‍ॅस्टलीचं १९८७ सालचं गाणं सुरू. आता नुसत्या लिंकला कोणी भुलत नाही, बरेच जण तर व्हिडिओचा पत्ता बघूनच ओळखतात. तरी तो जोक मेला नाही, कारण लोकांनी तो लपवायच्या नवीन जागा शोधल्या. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या आमदारांनी २०१० मध्ये सभागृहातल्या आपापल्या भाषणांत त्या गाण्याचे शब्द थोडे थोडे पेरले, आणि मग ते सगळे तुकडे जोडलेला व्हिडिओ १ एप्रिल २०११ ला बाहेर आला. तिथे हसू गाण्याला येत नाही, इतक्या गंभीर चेहऱ्याने इतक्या जणांनी मिळून एवढी खटपट केली त्याला येतं.

तर पहिलं काम, लपवा, आणि त्यासाठी जरा घाम गाळा. ग्रुपवर एक लांब मेसेज लिहा, खरंच कामाचा, म्हणजे ट्रिपचं प्लॅनिंग किंवा कोणी काय आणायचं वगैरे, आणि प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर वरून खाली वाचत गेलं की तो घिसापिटा डायलॉग निघाला पाहिजे. मेसेज कामाचा असणं फार महत्त्वाचं आहे, नुसता जोकसाठी लिहिलेला मेसेज लोकांना लगेच कळतो. आणि टाकल्यावर गप्प बसा, हिंट देऊ नका, डोळा मारणारा इमोजी तर अजिबात नको. एकाला दिसलं की तोच बाकीच्यांना वर जाऊन परत वाचायला लावेल, आणि त्याने स्वतः शोधलंय म्हटल्यावर तो तुमच्यापेक्षा जास्त खूश असतो.

दुसरं, कापा. याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे 'लॉस' नावाचं मीम. २ जून २००८ ला व्हिडिओ गेम्सवरच्या एका वेबकॉमिकमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या चित्रकथेत, चार चौकटींचं, एकही शब्द नसलेलं पान आलं. पहिल्या चौकटीत माणूस धावत हॉस्पिटलमध्ये शिरतो, दुसरीत रिसेप्शनवर चौकशी करतो, तिसरीत डॉक्टरशी बोलतो, चौथीत होणारी बायको बेडवर आडवी, तो शेजारी उभा. एरवी हलक्याफुलक्या असणाऱ्या कॉमिकमध्ये एकदम पोटातलं बाळ गेल्याचं दुःख आलं, लोकांना ते विसंगत वाटलं आणि विडंबनं सुरू झाली. पुढे ती कापत कापत इतकी लहान झाली की आता फक्त रेघा उरल्यात: एक उभी, मग दोन उभ्या त्यातली दुसरी जरा आखूड, परत दोन उभ्या, आणि शेवटी एक उभी एक आडवी. फरशीवर कोणी काड्या तशा मांडल्या तरी ओळखणारा ओळखतो. तुम्हीही तेच करा, अख्खं चित्र न टाकता त्यातला एक कोपरा टाका, डायलॉगचा पहिला अर्धा भाग लिहून सोडून द्या, उरलेलं समोरचा मनात म्हणतो आणि हसू तिथेच फुटतं.

टेम्पलेटवाली मीम्स, म्हणजे चित्र तेच आणि वरचे शब्द आपण बदलायचे अशी, असतील तर एकच नियम, नेमकं लिहा. गर्लफ्रेंडसोबत चालताना मागे वळून दुसऱ्या मुलीकडे बघणारा तो मुलगा, २०१५ चा स्टॉक फोटो, २०१७ पासून मीम म्हणून फिरतोय. त्यावर "मी", "अभ्यास", "मोबाईल" लिहिलं तर कोणी ढुंकून बघणार नाही. पण तुमच्या ग्रुपमध्ये एकजण सारखं नवीन विणकाम सुरू करून अर्धवट सोडत असेल आणि तुम्ही त्याचं नाव, "बाही नसलेला स्वेटर" आणि "कालच आलेली हिरवी लोकर" असं लिहिलं तर ते फक्त त्या दहा जणांसाठी आहे आणि ते दहाही जण हसतील.

माणूस बदलूनही जमतं. २०२० मध्ये रेडिट या गप्पांच्या वेबसाइटवर एकाने खुद्द रिक अ‍ॅस्टलीलाच रिकरोल केलं, लिंक तीच, गाणं तेच, फसणारा तेवढा वेगळा.

गॅप पण ठेवा बरं का. तोच जोक आठवड्यात दोनदा आला तर कितीही नीट लपवला तरी लोक वासावरून ओळखतात.

आणि टाकायच्या आधी ग्रुपमध्ये कोण आहे ते बघाच. लॉसमागे खरं दुःख आहे, तसल्यातून गेलेलं कोणी वाचत असेल तर त्या रेघांत गंमत नसते, तिथे मोह आवरा. ज्याच्यावर जोक आहे तो स्वतः हसू शकेल का, याचं उत्तर चटकन हो येत नसेल तर नको.

एवढं करूनही कोणी हसलं नाही तर खाली समजावून सांगत बसू नका आणि लगेच दुसरं काही चिकटवूही नका, चालू विषयावर बोलत राहा, ज्याला खरंच कळायचंय तो पर्सनलवर विचारेल, त्याला तिथेच सांगा, ग्रुपवर नको, अजून कोणीतरी तो मेसेज वाचायचा बाकी असतो.