एसीचा गॅस दरवर्षी संपत नसतो

मार्च लागला की आमच्या सोसायटीत एसीवाल्यांच्या फेऱ्या सुरू होतात आणि घरोघरी एकच निदान ऐकू येतं: "गॅस कमी झालाय, भरावा लागेल." दोन वर्षांपूर्वी मीही मुकाट्याने पैसे मोजले. थंडावा होता तेवढाच राहिला. शेवटी स्टुलावर चढून आतल्या युनिटचं झाकण उघडलं, तर जाळीवर धुळीची गोधडी! तो माणूस खिडकीबाहेरच्या युनिटपाशी खटपट करून गेला होता. हे झाकण त्याने उघडलंच नव्हतं. जाळी नळाखाली धुतली, सावलीत वाळवली, काम झालं. आता दर दोन आठवड्यांनी धुतो.

एसीतला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. म्हणून आधी विचारा, "लीक कुठे सापडलं?" नटाच्या जोडांवर साबणाचा फेस लावला की बुडबुडे दिसतात, जोडापाशी तेलकट डाग असला तर संशय आणखी पक्का. गळती बुजवल्यावर नळ्यांतली हवा व्हॅक्यूम पंपाने ओढून काढायची आणि मग काट्यावर वजन करून गॅस भरायचा. किती ग्रॅम, ते बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. "अंदाजाने भरतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

आतल्या कॉइलवर (गॅस फिरतो त्या नळ्यांच्या जाळ्यावर) बर्फ धरला तर तो स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, कॉइलला भोक पडेल. एसी फॅन मोडवर ठेवून बर्फ वितळू द्या, जाळी धुवा, पुन्हा चालवून बघा. तरीही बर्फ धरला तर गॅसची शंका घ्यायला हरकत नाही.

पलंगावर टपटप पाणी गळतंय? बहुतेक वेळा ड्रेन पाइप तुंबलेला असतो. आत बुळबुळीत शेवाळासारखा थर साचतो. पाइपचं बाहेरचं टोकही तपासा. आमच्याकडे ते बादलीत सोडलेलं होतं. बादली भरून टोक पाण्यात बुडलं की उतार अडायचा आणि पाणी मागे फिरून भिंतीवर यायचं. टोक चार बोटं वर बांधलं, थेंब थांबले.

खोली लवकर गार व्हावी म्हणून १८ वर ठेवण्यात अर्थ नाही. २४ पर्यंत यायला वेळ जवळपास तेवढाच लागतो, एसी फक्त पुढे उगाच राबत राहतो. २४ वर ठेवा, जोडीला पंखा हळू लावा.

बाहेरच्या युनिटभोवती ग्रिलमध्ये कुंड्या आणि जुने खोके कोंबू नका, गरम हवा निघायला वाट हवी. समुद्राजवळ राहत असाल तर खारा वारा कॉइल खातो. मेन स्विच बंद करून साध्या पाण्याच्या हलक्या धारेने ती धूत जा. धारेचा जोर जास्त झाला की कॉइलचे पातळ पत्रे आडवे होतात.

बाहेरून नुसता घूं घूं आवाज येतोय पण पंखा फिरत नाही, तर बऱ्याचदा कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग, गेलेला असतो. सुटा भाग स्वस्त असला तरी तो स्वतः बदलायच्या भानगडीत पडू नका. मेन स्विच बंद केल्यावरही त्यात वीज साठलेली राहू शकते.