अर्धा चेहरा सावलीत: एका खिडकीच्या उजेडात पोर्ट्रेट कसं काढावं

एक गाल उजेडात, दुसरा काळोखात असा फोटो काढायला महागडे दिवे लागत नाहीत, घरातली एक खिडकी पुरते. मेहनत घ्यायची ती अंधाऱ्या बाजूवर. आपल्या घरांच्या भिंती बहुधा पांढऱ्या किंवा फिक्या असतात. खिडकीतला उजेड त्यांच्यावरून परततो आणि काळा राहायला हवा तोच गाल उजळतो.

आधी ट्यूब आणि बल्ब बंद करा. थेट ऊन न येणारी खिडकी निवडा, बाकीच्यांचे पडदे ओढा. खिडकी रुंद असेल तर पडद्यांमध्ये दीड-दोन फुटांची उभी फट ठेवा, नाहीतर उजेड नाकाला वळसा घालून पलीकडे पोचतो.

माणसाला बसवण्याआधी खिडकीपासून तीन-चार फुटांवर स्वतःची मूठ धरा, अंगठा नाकासारखा पुढे काढा आणि मूठ हळूहळू फिरवा. सावलीची रेघ सरकताना दिसेल. चेहऱ्यावर ती नाकाच्या मधोमध उतरली की झालं: खांदा खिडकीकडे, तोंड कॅमेऱ्याकडे. तोंड किंचित खिडकीकडे वळवलं तर अंधाऱ्या गालावर, डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उमटतो. हा प्रकार डच चित्रकार रेम्ब्रांटच्या (१६०६–१६६९) नावाने ओळखला जातो. वयस्कर चेहऱ्यांना मला हाच आवडतो, कारण दुसरा डोळा पूर्ण हरवत नाही.

आता खुर्चीच्या पाठीवर काळी घोंगडी किंवा गडद शाल टाकून ती खुर्ची अंधाऱ्या गालापासून फूट-दीड फुटावर, फ्रेमबाहेर ठेवा. भिंतीवरून परतणारा उजेड हे काळं कापड गालापर्यंत पोचू देत नाही, म्हणून ही पायरी अजिबात गाळू नका. खुर्ची जवळ सरकवताना गालाकडे बघत राहा: आधी कानाची पाळी बुडते, मग जबड्याची कड. पाठीमागची भिंत मात्र माणसापासून पाच-सहा फूट दूर हवी.

नऊवारी नेसलेल्या आजीचा फोटो असेल तर डावी बाजू खिडकीकडे ठेवा. नथ बहुधा डाव्या नाकपुडीत असते, तिचे मोती काळोखात गेले तर फार हळहळ वाटते.

मोबाइल अंधार दिसला की तो आपणहून उजळायला बघतो, म्हणून सोय असेल तर एचडीआर (सावल्या आपोआप उजळणारी सेटिंग) बंद करा. उजेडातल्या डोळ्यावर बोट दाबून फोकस पक्का करा आणि गालावरच्या सुरकुत्या स्पष्ट दिसेपर्यंत प्रकाशाची पट्टी खाली ओढा. कॅमेरा असेल तर लेन्सचं छिद्र एफ/४, शटर १/१२५ सेकंद ठेवा आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) उजेडातल्या गालावरून ठरवा. डोळ्यात खिडकीचा पांढरा ठिपका हवाच. तो नसेल तर नजर जराशी खिडकीकडे न्यायला सांगा.

एडिटिंग करताना सावल्या उजळू नका, दाणे दिसायला लागतात. फोटो फ्रेम करायचा असेल तर आधी एक लहान प्रिंट काढून बघा. काळा भाग कागदावर अनेकदा स्क्रीनपेक्षा गडद उतरतो आणि केस मागच्या भिंतीत मिसळतात.