जुनी पेट्रोल गोल्फ कार्ट पुन्हा चालती करताना: इंजिन खरंच गेलंय का, आणि गेलं असेल तर कुठलं बसवावं

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या दक्षिणेला पीचट्री सिटी नावाचं गाव आहे. तिथे दीडशे किलोमीटरहून जास्त लांबीच्या वाटा खास पायी, सायकलने आणि गोल्फ कार्टने फिरण्यासाठी बांधल्या आहेत. मुलं कार्ट घेऊन हायस्कूलला जातात, आजी-आजोबा भाजी आणायला जातात. ईझी-गो आणि क्लब कार या दोन मोठ्या कंपन्या याच राज्यातल्या ऑगस्टा परिसरातल्या, आणि यामाहाचा कारखाना जवळच्याच न्यूननला. त्यामुळे या भागात जुन्या कार्ट विकायला निघतच असतात. इथे त्यांना ‘गॅस कार्ट’ म्हणतात. गॅस म्हणजे पेट्रोल, सिलिंडरचा गॅस नव्हे.

विकणारा बहुतेक वेळा एकच सांगतो: इंजिन गेलंय. त्यावर विश्वास ठेवून लगेच नवं इंजिन मागवू नका. पेट्रोल पोचत नाही, करंट येत नाही किंवा सेल्फ फिरत नाही, या तिन्ही तक्रारींना लोक ‘इंजिन गेलं’ असंच म्हणतात.

आधी गाडी ओळखा

अनुक्रमांकाची पट्टी शोधा आणि तिचा फोटो काढून ठेवा. क्लब कारच्या जुन्या डीएस मॉडेलवर ‘एजी’ अक्षरांनंतरचे पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे असतात. ९३४२ म्हणजे १९९३ सालचा बेचाळिसावा आठवडा. सुटे भाग मागवताना याच आकड्याचा उपयोग होतो.

इंजिनाची जातही पाहा. यामाहाची जी १ टू-स्ट्रोक होती आणि ईझी-गोच्या १९८०च्या दशकातल्या गाड्याही टू-स्ट्रोक. ईझी-गोच्या त्या गाड्यांत पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, आपल्याकडच्या लुनासारखं. कोणी साधं पेट्रोल घालून चालवली असेल तर पिस्टन खरोखरच जाम झालेला असू शकतो. १९९०च्या दशकातल्या बहुतेक क्लब कारमध्ये कावासाकीचं २८६ सीसीचं एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन असतं, तर ईझी-गोत रॉबिनचं दोन सिलिंडरचं. या रॉबिनमध्ये टायमिंग बेल्ट असतो. तो तुटला की सेल्फ मस्त फिरतो, पण इंजिन लागत नाही. दुरुस्ती फक्त बेल्टची असते आणि लोक अख्खं इंजिन भंगारात टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सांगाडाही तपासा. डीएसचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असल्यामुळे गंजत नाही. लोखंडी सांगाड्याच्या गाडीत मागची बाजू आणि स्प्रिंगांच्या जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. पत्रा आत गेला तर ती गाडी सोडून द्या.

काम सुरू करण्यापूर्वी

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मागची चाकं जॅकवर उचलून स्टँडवर टेका, नुसत्या जॅकवर काम करू नका. बऱ्याच कार्टमध्ये पेडल दाबलं की सेल्फ लागतो आणि इंजिन सुरू होतं, म्हणजे तुमचा हात बेल्टजवळ असताना शेजारचं पोर गंमत म्हणून पेडल दाबू शकतं. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ती धूळ फुंकून उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा. गॅरेजचं दार बंद करून इंजिन चालवायचं नाही.

तपासणीचा क्रम

पहिल्यांदा सेल्फ. या तपासणीपुरती बॅटरीची वायर परत जोडा. या गाड्यांत सेल्फ आणि डायनॅमो हे एकच यंत्र असतं आणि ते पट्ट्याने इंजिनाला जोडलेलं असतं. बॅटरी भरलेली असेल तर मल्टिमीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो. पेडल दाबल्यावर ‘टक’ आवाज येतो पण काही फिरत नाही, तर सोलेनॉइडची (सेल्फला करंट सोडणाऱ्या स्विचची) जाड टोकं, कार्बन ब्रश आणि पट्ट्याचा ताण पाहा. आवाजच येत नसेल तर किल्लीचा स्विच आणि पेडलजवळचा छोटा मायक्रोस्विच तपासा.

मग करंट. प्लग काढून इंजिनाच्या धातूला टेकवा. प्लगचं भोक आणि पेट्रोलची वाफ यांपासून तो लांब हवा. सेल्फ मारा. ठिणगी नसेल तर कॉइलकडून येणारी, इंजिन बंद करणारी बारीक वायर सोडवून पुन्हा पाहा. आता ठिणगी आली तर कॉइल चांगली आहे आणि दोष त्या वायरीच्या मार्गात, म्हणजे स्विच किंवा आरपीएम लिमिटरमध्ये (इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणाऱ्या भागात) आहे. ही वायर सुटलेली असताना इंजिन किल्लीने बंद होत नाही, म्हणून तपासणी झाली की लगेच जोडा.

मग पेट्रोल. इथल्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये चिकट थर धरतं. टाकी रिकामी करा, नळ्या आणि फिल्टर नवे घाला, कार्ब्युरेटर खोलून प्रत्येक भोकातून उजेड दिसेपर्यंत साफ करा. इंधन पंपाकडेही नीट बघा. टाकी कार्ब्युरेटरच्या खाली असल्यामुळे पेट्रोल वर खेचावं लागतं, आणि हा पंप विजेवर नाही तर इंजिनाच्या क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर चालतो. ते ठोके पंपापर्यंत नेणारी रबरी नळी केसाएवढी फाटली तरी पेट्रोल येत नाही. मीटरभर नळीने काम भागतं.

हे सगळं नीट असूनही गाडी लागत नसेल, तरच कॉम्प्रेशनकडे, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाकडे वळा. गेजचा आकडा कमी आला म्हणून घाबरू नका, कारण यातल्या काही इंजिनांत सेल्फवरचा भार कमी करण्यासाठी आपोआप दाब सोडणारी योजना असते. त्यापेक्षा लीक-डाउन चाचणी करा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून शाफ्ट घट्ट धरा आणि प्लगच्या भोकातून हवा सोडा. फुस्स आवाज कार्ब्युरेटरमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि ऑइल भरायच्या तोंडातून आला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत). व्हॉल्व्हची गळती असेल तर आधी टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट तपासा. फट मोजायची पातळ पट्टी (फीलर गेज) लावायला अर्धा तास लागतो आणि कित्येकदा इंजिन तिथेच परत येतं.

इंजिन खरंच संपलं असेल तर

बोअरला खोल ओरखडे, मोडलेला कनेक्टिंग रॉड किंवा फुटलेली क्रँककेस दिसली तर बदलण्याशिवाय पर्याय नाही. माझा कौल ठाम आहे: गावातल्या वाटांवर फिरायचं असेल तर त्याच मॉडेलचं जुनं, तपासलेलं इंजिन शोधा. बोल्टची भोकं, क्लच (इंजिनाच्या शाफ्टवरची पुली), पंप, सेल्फ-डायनॅमो सगळं जसंच्या तसं बसतं.

ते मिळालंच नाही तर सर्वसाधारण वापराची इंजिनं आहेत. होंडाचं जीएक्स ३९० (३८९ सीसी) किंवा प्रेडेटरचं ४२० सीसी ही एका सिलिंडरची, आकाराने आटोपशीर इंजिनं आहेत. व्हॅनगार्डची दोन सिलिंडरची व्ही-ट्विन जास्त ताकदीची आणि कमी थरथरणारी, पण जड असतात आणि सीटखाली बसवायला बरीच कापाकापी करावी लागते. हॉर्सपॉवर पाहण्याआधी पुढच्या गोष्टी पाहा.

शाफ्ट: कार्टच्या मूळ इंजिनाचा शाफ्ट निमुळता असतो आणि क्लच त्यावर दाबून बसतो. बाजारातल्या इंजिनांचा शाफ्ट बहुधा सरळ, एक इंचाचा आणि चावीची खाच असलेला. जुना क्लच त्यावर बसत नाही, त्यामुळे एक इंच भोकाचा क्लच घ्यावा लागतो. त्याचा खर्च आधीच धरा.

फिरण्याची दिशा: शाफ्टच्या टोकाकडून पाहिलं तर ही इंजिनं सहसा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. तुमचं जुनं इंजिन कसं फिरत होतं ते काढण्यापूर्वीच नोंदवून ठेवा. दिशा उलटी असेल तर गिअर पुढे टाकल्यावर गाडी मागे जाईल.

दोन पुलींमधलं अंतर: कार्टचा गिअरबॉक्स कायनेटिक होंडासारखाच, पट्टा आणि उघडझाप करणाऱ्या दोन पुलींवर चालतो. जुनं इंजिन सोडण्याआधी दोन्ही पुलींच्या केंद्रांमधलं अंतर आणि त्यांची सरळ रेष मोजा. नवं इंजिन त्याच मापावर बसलं पाहिजे. मिलिमीटरभर तिरकं बसलं तरी पट्टा कडेने झिजून भुगा होतो.

इंजिनाची हळू चाल: मूळ गाडी पेडल सोडलं की बंद होते, नवं इंजिन मात्र उभ्या गाडीतही चालू राहील. त्याचे आरपीएम क्लच धरायच्या आरपीएमपेक्षा जास्त असले तर गाडी आपोआप पुढे सरकत राहते. उतारावर मूल बसलेलं असताना हे होऊ देऊ नका. क्लचची स्प्रिंग बदलून किंवा कार्टसाठी मिळणारं सेल्फ-डायनॅमो जोडायचं किट लावून हे टाळता येतं.

पंपाची जोडणी: नव्या इंजिनाला दाबाचे ठोके देणारं तोंड नसेल तर ते व्हॉल्व्ह कव्हरवर किंवा इनटेकवर करून घ्यावं लागतं.

वेग आणि ब्रेक

गोल्फ कार्ट ताशी १५ मैलांच्या आसपास चालावी अशीच बनवलेली असते आणि जुन्या गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना, तेही केबलवर चालणारे ड्रम असतात. मूळ गाडीतला गव्हर्नर (वेगाला लगाम घालणारी यंत्रणा) बहुधा गिअरबॉक्सच्या फिरण्यावरून वेग आवरतो. नव्या इंजिनाचा गव्हर्नर त्याचे आरपीएम एका मर्यादेपुढे जाऊ देत नाही, पण चाकांचा वेग तो पाहत नाही. इंजिनाचा हा गव्हर्नर अनेक जण काढून टाकतात. असं कधीही करू नका. मर्यादेबाहेर फिरलेलं फ्लायव्हील फुटलं तर त्याचे तुकडे सीट भेदून वर येऊ शकतात.

कायद्याचंही बघा. ताशी २० मैलांहून जास्त आणि २५ मैलांपर्यंत धावणारं वाहन १९९८पासून अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत वेगळ्या गटात मोडतं आणि त्याला सीट बेल्ट, काच, दिवे, आरसे हवेत. म्हणून इंजिनाआधी ब्रेक शू, केबल आणि ड्रम नवे करा. चारही चाकांच्या बेअरिंग हलवून पाहा, स्टीअरिंगचे सांधे ग्रीस करा.

सुरुवात

इंजिनात ऑइल भरल्याची खात्री करा, कारण नवी इंजिनं बहुधा कोरडी येतात. चाकं अधांतरी असतानाच पहिली दहा मिनिटं चालवा. सेल्फ-डायनॅमो ठेवला असेल तर चालत्या इंजिनावर बॅटरीचे व्होल्ट चौदाच्या पुढे जायला हवेत. मग मोकळ्या, सपाट जागेत एकट्यानेच चालवा आणि दर पाच मिनिटांनी थांबून बोल्ट, पट्टा आणि पेट्रोलची नळी पाहा. जीएक्स ३९०चं पहिलं ऑइल पहिल्या महिन्यात किंवा २० तासांत, जे आधी होईल तेव्हा बदलायचं असतं. त्याच दिवशी इंजिनाच्या पायाचे बोल्ट पुन्हा आवळा आणि पुलींची रेष परत एकदा मोजा.