स्वरयंत्रातला पॅपिलोमा: पुन्हा पुन्हा येणाऱ्या गाठी सांभाळताना

सर्दी-खोकला नसताना मुलाचा आवाज चार आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र पाहून घ्या. स्वरयंत्रात पॅपिलोमा, म्हणजे चामखिळीसारख्या गाठी, असलेल्या बऱ्याच मुलांवर आधी दम्याचेच उपचार होतात. दम्यात शिट्टी बहुधा श्वास सोडताना वाजते आणि नेब्युलायझरने उतरते. पॅपिलोमात आवाज बदललेला असतो, घरघर श्वास घेताना येते आणि औषधाने फरक पडत नाही.

या चामखिळीसारख्या गाठी एचपीव्ही विषाणूच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे होतात. 11 सहसा जास्त त्रासदायक. लहान मुलांना संसर्ग बहुतेकदा जन्माच्या वेळी आईकडून होतो. म्हणून भावंडांची ताटवाटी वेगळी करू नका.

शस्त्रक्रियेत काढलेला गाठीचा तुकडा पॅथॉलॉजीला तपासणीसाठी गेलाच पाहिजे. त्यानंतर घरचे हमखास म्हणतात, "एकदाच मुळापासून काढा." इथे हा आग्रह घातक ठरतो. विषाणू निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही दडलेला असतो. खोल खरवडून तो जात नाही, उलट स्वरतंतूंवर व्रण पडतो. दोन्ही तंतू जिथे पुढे जुळतात तिथे दोन्ही बाजू एकाच वेळी सोलल्या तर ते चिकटून पडदा तयार होतो. चांगला सर्जन तिथे मुद्दाम थोडे शिल्लक ठेवतो. मायक्रोडिब्रायडर (फिरत्या पात्याने गाठी कापून ओढून घेणारे उपकरण) वापरावा की लेझर, यापेक्षा हात कोणाचा हे महत्त्वाचे. ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्यातून श्वासनलिकेला पाडलेले छिद्र) जीव वाचवण्यापुरतीच, कारण तिच्यामुळे गाठी खाली श्वासनलिकेत पसरू शकतात.

खरे मोजमाप म्हणजे दोन शस्त्रक्रियांमधले अंतर. एक वही ठेवा. तारीख, गाठी कुठे होत्या, भूल देताना कोणत्या मापाची श्वासाची नळी बसली, हे प्रत्येक डिस्चार्जच्या वेळी मागून लिहून घ्या. महिन्यातून एकदा मोबाइलवर तेच वाक्य बोलायला लावून रेकॉर्ड करा. आवाजाची घसरण कानाला रोज ऐकून कळत नाही.

वर्षात चारहून अधिक शस्त्रक्रिया लागल्या, गाठी झपाट्याने वाढून श्वास कोंडू लागला किंवा त्या खाली उतरल्या, तर जोडीच्या औषधाचा विषय तुम्हीच काढा. सिडोफोव्हिर हे विषाणूविरोधी औषध गाठींच्या जागी टोचतात. नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे बेव्हॅसिझुमॅब शिरेतूनही देतात, बहुधा किलोमागे 5 ते 10 मिलिग्रॅम, सुरुवातीला दर तीन आठवड्यांनी. त्यावर असताना रक्तदाब आणि लघवीतले प्रथिन नियमित तपासावे लागते, जखम उशिरा भरते, आणि औषध थांबवल्यावर गाठी परत येऊ शकतात. प्रौढांसाठी अमेरिकेत ऑगस्ट 2025 मध्ये पॅपझिमिओस या इंजेक्शनला मंजुरी मिळाली: 12 आठवड्यांत चार डोस. गाठी फुप्फुसात उतरल्याची शंका असेल तर सीटी स्कॅन लागतो. तिथे क्वचित कर्करोगही होतो, म्हणून धूम्रपान आणि घरातला विडी-सिगारेटचा धूर बंद. गाठी जाळायला रेडिएशन कोणी सुचवले तर नकार द्या. त्याने कर्करोगाचा धोका वाढतो.

शांत बसलेले असतानाही घरघर, बरगड्यांखाली छाती आत ओढली जाणे, निळसर ओठ: थेट मोठ्या रुग्णालयात न्या. मुलाला बसूनच ठेवा, रडवू नका, जबरदस्तीने आडवे करू नका. धडपडणारे मूल थकून घरघर अचानक मंदावली तर ती सुधारणा समजू नका. दारातच "स्वरयंत्रात पॅपिलोमा आहे, कान-नाक-घसा आणि भूलतज्ज्ञ दोघांना बोलवा" असे सांगा आणि नळीच्या मापाचे पान उघडून द्या.

एचपीव्हीची लस आधीच झालेल्या गाठी घालवत नाही; संसर्गाआधी दिली तरच तिचे काम. मात्र विषाणूच्या 16 आणि 18 या प्रकारांपुरतीच असलेली लस इथे उपयोगाची नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक 6, 11, 16 आणि 18 या चौघांविरुद्ध आहे. वय 9 ते 14 असेल तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. 15 ते 26 वयात तीन.