कावळ्याला नवं घर : पहिली-दुसरीच्या भाषेच्या तासाची तयारी

चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं घर शेणाचं. ही गोष्ट मुलांना तोंडपाठ असते आणि म्हणूनच ती निवडायची. पाऊस आला, शेणाचं घर वाहून गेलं, कावळा दारात भिजत उभा आणि आत चिमणीताई बाळाला तीट लावतायत. तिथे थांबा आणि विचारा : पुढच्या पावसात टिकेल असं घर आपण कावळ्याला बांधून देऊ या का? दोन-तीन दिवस पहिली-दुसरीचा वर्ग यात सहज रमतो. पण तयारीशिवाय उतरलात तर हाती चिखल, खळ आणि चिरलेल्या कागदांचा ढीग राहतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा घरं फार छान झाली होती, फोटो काढून पालकांच्या गटावरही टाकले. संध्याकाळी वर्ग झाडताना ध्यानात आलं की दिवसभरात एकाही मुलाने एक शब्द लिहिला नव्हता. तो कार्यानुभवाचा तास झाला, भाषेचा नव्हे.

म्हणून सामान गोळा करायच्या आधी कोरा कागद घ्या आणि स्वतःला विचारा, लिहिल्या-वाचल्याशिवाय या कामात मूल कुठे अडेल? उत्तर सापडलं नाही तर उपक्रम बदला. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हा म्हणणं हेच होतं की हाताचं काम धड्याच्या शेजारी नको, धडा त्या कामातून निघावा. आपल्याकडे बहुतेकदा आधी धडा उरकतो आणि मग बक्षीस म्हणून चिकटकाम मिळतं.

माझं उत्तर होतं भांडार. सगळं सामान एका कोपऱ्यात मांडायचं आणि तिथे दोन मुलांना भांडारपाल म्हणून बसवायचं. चिठ्ठीशिवाय काहीही मिळणार नाही. ‘सुतळी २, काडी १०, माती’ असं लिहून आणलं तर भांडारपाल वाचून देतो. ‘सूतळी’ असं लिहिलं तरी द्यायचं, लाल पेन खिशातच ठेवा. भांडारपालाला वाचताच आलं नाही तर तोच विचारतो, “हे काय लिहिलंय?” आणि पोरगं निमूटपणे परत जाऊन नीट लिहून आणतं. इतकी चोख तपासणी आपल्यालाही जमत नाही. भांडारपाल दर पंधरा मिनिटांनी बदला, नाहीतर वर्गातली हुशार जोडी तिथे ठाण मांडून बसते.

पंधरा दिवस आधीपासून सामान साठवायला लागा आणि विकत शक्यतो काही आणू नका. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावी अनुताई वाघांच्या सोबतीने बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा परदेशी साधनांच्या जागी आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. ते आजही तितकंच सोयीचं आहे. देशावर ज्वारीची धाटं मिळतात, आणि त्यांच्या बैलगाड्या करणारी पोरं तुमच्याच वर्गात असतात. कोकणात करवंट्या, झावळ्यांचे हीर आणि केळीचं सोपट आहे. शहरात खोक्यांचा पुठ्ठा, बाटल्यांची बुचं आणि दुधाच्या पिशव्या. दुधाच्या पिशव्या आधी धुऊन वाळवा, उन्हाळ्यात त्या भयंकर वास मारतात. शेण आणायचं का, हा प्रश्न मुलंच विचारतात. गावात आणू द्या, पण हाताला जखम असलेल्या मुलाला त्यात हात घालू देऊ नका आणि साबण भांडारातच ठेवा. जिथे शेण मिळत नाही तिथे शाडू मातीत बारीक चिरलेलं गवत मळलं की काम भागतं. मेण वितळवायचा मोह टाळा. मेणबत्ती कागदावर खसाखसा घासली की पाणी थेंब होऊन ओघळतं, चिमणीचं घर का टिकलं ते तेवढ्यात कळतं.

खळ आदल्या संध्याकाळी घरी शिजवा. एक वाटी मैदा आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत राहायचं, पारदर्शक व्हायला लागली की उतरवायची. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे. ते विष आहे, मुलांच्या खळीत अजिबात नको. जाड पुठ्ठा आधीच कापून ठेवा, कटर फक्त तुमच्या हातात.

आता शब्दांची तयारी. इथे घाई करू नका, सगळा मुद्दा इथेच आहे. भांडारातल्या प्रत्येक डब्यावर नावाची पट्टी हवी आणि ती मुलांनीच केलेली हवी. त्यासाठी वर्गात कोणती अक्षरं झाली आहेत ते पाहून शब्द निवडा. ‘घर’, ‘दार’, ‘काडी’, ‘माती’, ‘पाणी’ पहिलीला झेपतात. ‘छप्पर’मध्ये जोडाक्षर आहे, ‘भिंत’मध्ये पहिली वेलांटी आणि अनुस्वार दोन्ही आहेत, ते दुसरीवर सोडा किंवा चित्रासकट तयार पट्टी द्या.

आइसक्रीमच्या काड्यांची अक्षरं करण्याचे व्हिडिओ खूप दिसतात. रोमन लिपीला ते शोभतं, ती अक्षरं बरीचशी सरळ रेषांची आहेत. देवनागरीत काडीचा उपयोग शिरोरेषा आणि दंड एवढाच, बाकी सगळी वळणं. त्याला सुतळी घ्या. पुठ्ठ्यावर खळीचं बोट फिरवून अक्षर काढायचं आणि त्यावर लिहिण्याच्याच क्रमाने सुतळी बसवायची. वाळल्यावर डोळे मिटून बोट फिरवलं की अक्षर ओळखता येतं. ‘ल’ आणि ‘श’ करण्याआधी पुस्तक उघडून बघा. २००९च्या शासन निर्णयाने ठरलेलं मराठी वळण एक आणि मोबाइलवर पुष्कळदा दिसणारं हिंदी वळण दुसरं. मोबाइल बघून पट्ट्या केल्यात तर मुलं तुमचीच चूक काढतील.

काना, मात्रा, वेलांटीसाठी शर्टाच्या किंवा मिठाईच्या खोक्याचं पारदर्शक झाकण जपून ठेवा. आठ सेंटिमीटरच्या चौकोनी कार्डावर मधोमध अक्षर काढा, साधारण तीन सेंटिमीटर उंच, आणि चारही बाजूंना जागा मोकळी सोडा. प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर कायम टिकणाऱ्या मार्करने एकेक चिन्ह काढा. मग ते तुकडे अक्षरावर सरकवत बसवायचे. ‘म’चा दंड उजवीकडे आहे, ‘क’चा मधे, त्यामुळे मात्रेचा एकच तुकडा दोन्हीकडे एकाच जागी बसत नाही. मूल तो सरकवत जागा शोधतं. ही शोधाशोध तुम्ही सोपी करून देऊ नका. पहिली वेलांटी बोलताना नंतर येते आणि लिहिताना आधी, हे फळ्यावर दहा वेळा सांगूनही न रुजलेल्या मुलाला तुकडा डावीकडे ठेवताना लख्ख दिसतं. ‘रु’ आणि ‘रू’ या खेळात बसत नाहीत, कारण उकार तळाशी न लागता ‘र’च्या कमरेला लागतो. त्यांची कार्डं वेगळी करा. आधी केली नाहीत तर कुणीतरी हमखास विचारतं आणि आपण गडबडतो.

घरच्या बोलीचीही आठवण ठेवा. वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. तिथलं पोर कावळ्याचं नाव स्वतःच्या कानाने लिहील तेव्हा ‘ळ’ दिसणार नाही, पण त्याने ऐकलेलं अचूक लिहिलेलं असेल. दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी लावा. गोरमाटी, पावरी, गोंडी बोलणारी मुलं असतील तर त्यांच्याकडून कावळ्याचं, घराचं, पावसाचं नाव विचारून घ्या. भिंतीवर ती लागली की ती मुलं पट्टी वाचून दाखवायला आपणहून पुढे येतात.

आदल्या दिवशी एक घर स्वतः बांधा आणि घड्याळ लावा. तुम्हाला पंधरा मिनिटं लागली तर सात वर्षांच्या चौघांना पाऊण तास धरा. एका तासिकेत हे होत नाही. सलग दोन तासिका मागून घ्या किंवा उपक्रमांसाठी राखलेला शाळेचा ‘आनंददायी शनिवार’ वापरा. बांधलेलं घर मात्र वर्गात नेऊ नका, नाहीतर चोवीस मुलं तुमच्याच घराच्या सहा नकला करतील.

पावसाची सोय हवी. एक लिटरच्या बाटलीच्या बुचाला दाभणाने आठ-दहा भोकं पाडा. फूटपट्टी उभी धरून तितक्याच उंचीवरून प्रत्येक घरावर एक बाटली पाणी, कुणाला कमी नाही की जास्त नाही. घराखाली परात ठेवा आणि हे अंगणातच करा. आत एक सुका कागद ठेवून त्यावर ‘कावळा’ लिहून घ्या. कागद भिजला की कावळा भिजला, मग वाद राहत नाही.

दुसऱ्या दिवसाची तयारी छोटी दिसते, पण मला ती सगळ्यात मोलाची वाटते. प्रत्येक गटाने आपलं घर कसं बांधलं ते चार ओळींत लिहायचं. पहिलीची मुलं चित्र काढतील आणि बाजूला शब्द मांडतील. मग कागद शेजारच्या गटाला द्यायचा आणि त्यांनी तो वाचून तसंच घर बांधायचं, मूळ गटाने तोंडातून शब्दही काढायचा नाही. माझ्या वर्गात एकदा ‘काड्या लावा’ एवढंच लिहिलेलं होतं. दुसऱ्या गटाने सगळ्या काड्या छपराऐवजी दारात उभ्या रोवल्या. मूळ गटाचा जीव नुसता तळमळत होता. नंतर त्यांनी आपला कागद परत मागून घेतला आणि ‘वरती आडव्या’ हे दोन शब्द घुसवले. ‘वरती’च्या आधी काहीतरी खोडलेलंही होतं. यासाठी रुंद ओळींचे कागद आणि भरपूर पेन्सिली ठेवा. खोडरबर लपवा, खोडाखोड दिसू द्या.

पहिली ते चौथी एकाच खोलीत असतील तर तिसरी-चौथीकडे सूचनांचं लिखाण द्या आणि लहानांकडे चिठ्ठ्या व पट्ट्या. मोठ्यांनी लहानांच्या चिठ्ठ्या लिहून देऊ नयेत, हे आधी सांगून ठेवा.

चिठ्ठ्या फेकू नका. प्रत्येक मुलाच्या नावाचं पाकीट करा, चिठ्ठीवर तारीख घाला. दिवाळीनंतर असाच दुसरा उपक्रम घेतलात की दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून बघता येईल, आणि पालक सभेत दाखवायला यापेक्षा वेगळं काही लागत नाही.

ओली घरं व्हरांड्यात उन्हाच्या बाजूला ठेवा, वर्गात ठेवलीत तर मुंग्या लागतात. उरलेली खळ त्याच संध्याकाळी टाकून द्या. ती रात्रीत आंबते आणि दुसऱ्या दिवशी परिपाठाला सगळे नाक धरून उभे राहतात.