जिनिंगच्या ऑफिसात टॅली लॅनवर टाकायची असेल तर... (नव्याने लागणाऱ्या पोरापोरींसाठी)

बी.कॉम. झालं, एमएस-सीआयटी झालं, टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) क्लासही झाला आणि आता हिंगणघाट, वणी, पांढरकवड्याकडं एखाद्या जिनिंगात (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) नाहीतर अडत दुकानात अकाउंटंट म्हणून लागायचं आहे, अशांसाठी हे लिहितोय. क्लासमध्ये आपण एजुकेशनल मोडवर (बिनलायसन्सचा, फक्त शिकण्यापुरता) 1, 2 आणि 31 तारखेच्या एंट्र्या मारून शिकतो, एक पोरगं एक कॉम्प्युटर. इथं आलं की शेठजी म्हणतात, तिन्ही टेबलांवर टॅली एकत्र चालली पाहिजे, तूच पाहून घे. आणि नेटवर्कचं, म्हणजे ऑफिसातल्या मशीन आपसात जोडायच्या लॅनचं, तर कुणी काहीच शिकवलेलं नसतं.

एकत्र काहून लागते ते आधी समजून घ्या. दिवाळीच्या आगेमागे कापूस यायला लागला की काट्यावर गाड्यांची लाइन लागते, एक जण काटा पावतीवरून खरेदी टाकतो, दुसरा कास्तकारांचे चुकारे (मालाचे पैसे) बँकेतून पाठवतो, तिसऱ्याकडं गाठी-सरकीची बिलं आणि जीएसटी. कास्तकाराकडून घेतलेल्या कापसावर नोव्हेंबर 2017 पासून रिव्हर्स चार्ज लागतो, म्हणजे 5 टक्के जीएसटी खरेदी करणाऱ्यानं भरायचा, त्यामुळं खरेदीच्या दोन पावत्या जरी सुटल्या तरी 20 तारखेला जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, थ्री-बी, भरताना आकडा चुकतो. आता डेटा पेनड्राइव्हवर घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरवला तर संध्याकाळपर्यंत एकाच कंपनीची दोन वेगळी खाती तयार होतात आणि चुकारा झाला की नाही हेच कळत नाही, कास्तकार मात्र समोर उभा असतो.

लायसन्सचं सोपं आहे. सिल्व्हर एका युजरसाठी, गोल्ड एकाच लॅनवरच्या अनेक युजरसाठी. गोल्ड एका मशीनवर अॅक्टिव्हेट करायचं, बाकीच्यांवर टॅली टाकून नेटवर्कवरचं लायसन्स वापरा असं सांगायचं. बाकीच्या मशीनना लायसन्स देणारा गेटवे बाय डिफॉल्ट 9999 पोर्टवर (मशीनमध्ये शिरायच्या नंबरच्या दारावर) असतो, फायरवॉलनं, म्हणजे विंडोजच्या राखणदारानं, तो अडवला की क्लायंट (दुसरं) मशीन एजुकेशनल मोडमध्येच उघडते. अशा वेळी बरेच जण फायरवॉलच बंद करून टाकतात, तसं अजिबात करू नका, फक्त टॅलीला आणि त्या पोर्टला परवानगी द्या. नेटवर्क प्रोफाइल प्रायव्हेट ठेवा आणि सगळ्या मशीनवर टॅलीचा रिलीज (आवृत्ती) एकच पाहिजे.

आता खरी गोष्ट. गोल्ड घेतलं म्हणजे मधात कुणी डेटा सांभाळणारा सर्व्हर बसला असं नाही, टॅलीप्राइम सर्व्हर हे वेगळं प्रॉडक्ट आहे. साध्या गोल्डमध्ये प्रत्येक टेबल शेअर केलेल्या फोल्डरमधल्या फाइलींवर थेट वाचतं-लिहितं, म्हणजे एकच खातेवही तीन दिवाणजी एकाच वेळी लिहिताहेत असं समजा. एंट्री सेव्ह होता होता मधातच लाइन तुटली तर फाइल अर्धवट राहू शकते आणि मंग मेमरी अॅक्सेस व्हायोलेशनसारखा एरर येतो किंवा कंपनीच उघडत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं काय आणि काहून करायचं ते आपोआप कळतं.

म्हणून वायफायवर टॅली चालवू नका, कितीही सांगितलं तरी. जिनिंगात पत्र्याचे शेड, मोटारी, भिंती, सिग्नल कमीजास्त होतच राहतो. कॅट-6 केबल आणि गिगाबिटचा एक छोटा स्विच (सगळ्या केबली जिथं जोडतात तो डबा), एवढंच लागते. काटाघर लांब असेल तर आधी अंतर मोजा, केबलची एक लाइन 100 मीटरच्या आतच चांगली चालते. केबल मोटारीच्या वायरसोबत एकाच पाइपातून नेऊ नका. ज्या मशीनवर डेटा आहे त्याला फिक्स आयपी (नेटवर्कवरचा न बदलणारा पत्ता) द्या, स्लीप मोड बंद करा, आणि ते मशीन कुणाच्या रोजच्या कामाचं नसलेलं बरं, निदान त्यावर पिक्चर-गेम तरी नको.

लाइटीचं तर तुम्हाला सांगायला नको. डेटावाल्या मशीनला यूपीएस सगळेच लावतात पण स्विचला लावत नाहीत! लाइट गेली की मशीन चालू, स्विच बंद, आणि जोडणी तिथंच तुटली. स्विच यूपीएसवर घ्या, बाकीच्या टेबलांनाही घ्या. आमच्याकडं जूनमध्ये पहिल्या पावसासोबत विजा पडतात तेव्हा ऑफिस बंद करताना बाहेरून आलेली इंटरनेटची वायर काढून ठेवायची, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायची. रुई उडून सीपीयूच्या पंख्यात बसते, सीझनमध्ये अधूनमधून कॅबिनेट उघडून साफ करा, नाहीतर मशीन तापून आपोआप बंद पडते.

डेटा डी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करून ठेवा, तेवढंच शेअर करा, पूर्ण ड्राइव्ह नाही. एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन मोकळं होणं सोपं वाटतं, पण एका मशीनमध्ये व्हायरस शिरला तर त्याच वाटेनं डेटाची वाट लागते. प्रत्येकाचा विंडोजचा आणि टॅलीचा युजर वेगळा बनवा. काट्यावरच्या माणसाला डेटा एंट्रीचा रोल, मागच्या तारखेत किती दिवस जाता येईल तेही टॅलीत ठरवता येते. टॅलीव्हॉल्टचा (कंपनीचा डेटा कुलूपबंद करणारा) पासवर्ड ठेवला तर शेठजींकडं बंद पाकिटात लिहून द्या, तो विसरला तर परत मिळवायचा रस्ता नाही.

बॅकअप रोज संध्याकाळी, सगळ्यांना टॅलीतून बाहेर काढून. त्याच मशीनच्या दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे राजेहो, हार्ड डिस्क गेली की दोन्ही गेले. दोन बाहेरच्या डिस्क आलटून पालटून वापरा, एक शेठजींच्या घरी राहू द्या. चालू डेटाचं फोल्डर गुगल ड्राइव्हच्या सिंकमध्ये टाकू नका, तिथं फक्त तयार बॅकअपची फाइल टाका. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर, वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोर करून पाहा, चालू डेटावर चुकूनही नाही. लेजरचा क्लोजिंग बॅलन्स जुळला तरच तो खरा. रिपेअरचं बटण दाबायच्या आधीसुद्धा आधी कॉपी.

एक शेवटचं राहिलं. लायसन्स पुष्कळदा बसवून देणाऱ्याच्या ईमेलवर घेतलेलं असते, मालकाला पत्ताच नसतो, आणि रिन्यूअलच्या वेळी किंवा मशीन बदलताना तो फोन उचलत नाही. लागल्या लागल्या हे तपासा, ईमेल मालकाच्या नावावर करून घ्या. सीरियल नंबर, आयपी, शेअर फोल्डरचा पाथ, कोणती केबल कोणत्या टेबलाला जाते, हे सगळं एका वहीत लिहून कपाटात ठेवा, तुम्ही सुट्टीवर असलात तरी बाकीच्यांचं काम अडणार नाही.